घड्याळवाल्याचा पगार

डिप्लोमाचे निकाल लागले की डोंबिवलीतल्या ओळखीच्या घरांतून मुलं माझ्याकडे पाठवली जातात. प्रश्न ठरलेला. "काका, प्रोसेस इम्प्रूव्हमेंटची जागा आहे, पगार किती मागू?" मी विचारतो, "ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर आहे?" मुलगा गोंधळतो. त्याला आकडा हवा असतो. मग आकडाही सांगतो. ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात मला दिसतं ते असं : नव्या डिप्लोमावाल्याच्या हातात पंधरा ते वीस हजार पडतात, पाच-सात वर्षं काढलेल्याला तीस-चाळीसपर्यंत जाता येतं, त्यापुढचं ज्याच्या त्याच्या कंपनीवर. पण त्याच कामाला, त्याच वयाच्या दोन माणसांना, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दुपटीचा फरक मी पाहिला आहे. त्या फरकामागे हुशारी क्वचितच असते.

हे काम काय, ते आधी सांगतो, कारण घरच्यांनाही ते कधी धड कळलेलं नाही. कारखान्यात वेळ, माल आणि माणसाची पायपीट कुठे वाया जाते ते शोधायचं, मोजायचं, आणि कमी करून दाखवायचं. मी लागलो तेव्हा हातात स्टॉपवॉच आणि क्लिपबोर्ड असायचा, म्हणून शॉपवर आम्हाला 'घड्याळवाले' म्हणत. पदाचं नाव दर काही वर्षांनी बदलत गेलं. वर्क स्टडी असिस्टंट, आयई (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) टेक्निशियन, मग कायझेन, लीन, आणि आता ऑपरेशनल एक्सलन्स. काम तेच राहिलं. नाव भारदस्त झालं की पगार वाढतो, असं मात्र झालं नाही.

माझी सुरुवात वागळे इस्टेटमधली, नव्वदच्या दशकातली. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. मी गेलो तेव्हा गाळ्यागाळ्यातून प्रेसचे ठोके ऐकू यायचे. आज त्याच गल्ल्यांत काचेच्या इमारती आहेत. आमचा कारखाना पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा. पगार दीड-पावणेदोन हजार, तोही 'ट्रेनी' म्हणून. ठाणे स्टेशनवरून बस मिळाली तर बस, नाहीतर शेअर रिक्षा, आणि तिचे पैसे खिशातून.

पहिलं मोठं काम मिळालं ते डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलण्याचं. एका प्रेसवर एक डाय उतरवून दुसरी चढवायला पन्नासेक मिनिटं लागत. तेवढा वेळ प्रेस उभी, ऑपरेटर उभा, मागे मालाची थप्पी. जपानच्या शिगेओ शिंगोंनी याच दुखण्यावर वर्षानुवर्षं काम केलं होतं. त्यांचं सूत्र सोपं आहे. मशीन चालू असताना जे करता येईल ते मशीन थांबवून करू नका. मी डाय बदलणाऱ्या सेटरमामांच्या बाजूला स्टूल टाकून बसलो आणि लिहीत गेलो. स्पॅनर शोधायला किती, चेन ब्लॉक मोकळा होईपर्यंत किती, शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावरची उंची, जुळवायला किती. अर्ध्याहून जास्त वेळ शोधाशोधीत आणि वाट पाहण्यात जात होता. आम्ही डायच्या उंचीची एक ट्रॉली करून घेतली, सगळ्या डायच्या खाली पॅकिंग लावून उंची एकसारखी केली, क्लॅम्पचे बोल्ट एकाच मापाचे केले आणि पुढची डाय आधीच प्रेसशेजारी आणून ठेवायला लागलो. पॅकिंगची कल्पना मामांची होती, माझी नव्हे. काम अठरा मिनिटांवर आलं.

मी हिशेब मांडला. दर बदलाला ३२ मिनिटं वाचली. दिवसाला तीन बदल, म्हणजे ९६ मिनिटं. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४० तास. प्रेसचा ताशी दर ३०० रुपये धरायचो, म्हणजे महिन्याला १२,००० आणि वर्षाला १ लाख ४४ हजार. माझ्या वर्षाच्या पगाराच्या कितीतरी पट! छाती फुगवून कागद घेऊन अकाउंट्सला गेलो. तिथल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "ठीक. पण या चाळीस तासांत जास्तीचा माल काढून विकला का? ओव्हरटाइम बंद झाला का? विजेचं बिल उतरलं का? नाही ना? मग पैसे आले कुठून?"

त्या प्रश्नाचा मला तेव्हा राग आला होता. पण प्रश्न बरोबर होता, आणि आमच्या धंद्यातल्या पगाराची अर्धी गोष्ट त्यातच आहे. वाचलेला वेळ म्हणजे वाचलेला पैसा नव्हे. त्या वेळात जास्त माल निघून तो विकला गेला पाहिजे, किंवा कोणता तरी खर्च खरोखर थांबला पाहिजे. ज्या कारखान्यात ऑर्डरी रांगेत उभ्या आहेत तिथे वाचलेला तास सोन्याचा. ज्या कारखान्यात मशीन तसंही दुपारनंतर बंद असतं तिथे त्याची किंमत शून्य. म्हणजे माझं काम तेच, पण त्याचं मोल ठरवणार सेल्सवाले आणि बाजार. त्या वर्षी मला 'बेस्ट कायझेन'चं प्रमाणपत्र आणि स्टीलच्या डब्यांचा सेट मिळाला. डबे अजून वापरात आहेत. पगारवाढ सगळ्यांना मिळाली तेवढीच.

पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या कंपनीत लागलो. नाव लिहीत नाही. कॅन्टीनमध्ये नाममात्र पैशात जेवण, कल्याणहून कंपनीची बस, वर्षाला दोन गणवेश. हे सगळं पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही, पण वागळेतल्या नोकरीत डबा, बस आणि रिक्षावर जे जायचं ते इथे वाचलं. पगार विचारणाऱ्या मुलांना मी म्हणूनच सांगतो, बस आणि कॅन्टीन आहे का ते आधी विचार.

तिथे मान्यताप्राप्त युनियन होती. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने युनियनला मान्यता मिळण्याची रीत ठरलेली होती, आणि अशा कंपन्यांत दर तीन-चार वर्षांनी करार होतो. करार म्हणजे शॉपवर दिवाळीच. बोलणी महिनोन् महिने चालतात, गेटवर सभा होतात, आणि सही झाली की थकबाकीसकट रक्कम येते. माझ्या बाकावरच्या एका जुन्या ऑपरेटरने त्या वर्षी सहज चिठ्ठी दाखवली. मूळ पगार, महागाई भत्ता, पाळी भत्ता, उत्पादन भत्ता. त्यांच्या एकूण रकमेपुढे माझा पगार निम्म्याच्या जरा वर होता. मी त्यांचं काम मोजत होतो, त्यांच्या कामाचं प्रमाण ठरवत होतो. ते हसून म्हणाले, "साहेब, तुम्हाला साहेब म्हणतात ना, त्याचे पैसे कापतात ते."

विनोद नव्हता तो. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार म्हणजे कोण, याच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही येत असे. वगळले जात ते व्यवस्थापनाचं काम करणारे, आणि पर्यवेक्षण करणारे ठरावीक पगाराच्या वरचे. ही मर्यादा आधी १,६०० रुपये होती, २०१० मध्ये १०,००० झाली. हाताखाली एकही माणूस नसलेला, मोजमाप करून तक्ते भरणारा टेक्निशियन या व्याख्येत बसू शकत होता. पण नेमणूकपत्रावर 'ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह' लिहिलं की तो स्वतःलाच कामगार समजत नाही. युनियन त्याला आपला समजत नाही, आणि कंपनी त्याला करारात घेत नाही. खरं तर व्याख्या पदाच्या नावावर चालत नाही, प्रत्यक्ष कामावर चालते. पण कोर्टात जाऊन हे सिद्ध करायला कोण बसलंय?

ओव्हरटाइमचंही तेच. तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर. रविवारी साठा मोजायला आम्ही सगळेच यायचो. ऑपरेटर दुप्पट घेऊन जायचा, आम्हाला बदली सुट्टी मिळायची, आणि ती घ्यायला कधी सवड मिळायची नाही.

ऑपरेटरांना आमच्याबद्दल राग असायचा, आणि तो पोकळ नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं पथक १९५२ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून वर्क स्टडी इथे रुजायला लागली. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद झाली, १९६३ मध्ये पवईला नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था उभी राहिली, जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. या सगळ्यांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की वाढलेल्या उत्पादनाचा फायदा सगळ्यांत वाटला जावा. शॉपवर मात्र असं घडायचं की आज घड्याळवाल्याने सहा मिनिटं वाचवली, की पुढच्या करारात त्या सहा मिनिटांचं जादा काम प्रमाणात धरलं जायचं. इन्सेंटिव्ह मिळवायला माणसाला आणखी धावावं लागायचं. म्हणून आम्ही स्टॉपवॉच काढलं की हात मंदावत, आणि आम्हीही ते गृहीत धरून कामाच्या वेगाचं रेटिंग लावत असू. दोघांनाही ठाऊक, दोघेही गप्प. पण युनियन जागी असेल तर त्याच सहा मिनिटांचे पैसे कराराच्या टेबलावर वसूल व्हायचे. सुधारणेचा वाटा ऑपरेटरला मिळे, मालकाला मिळे. ज्याने सुधारणा मोजून कागदावर आणली त्याला त्यात खुर्ची नव्हती.

नोकरीच्या उत्तरार्धात डोंबिवलीच्या रसायन कारखान्यांशी संबंध आला, आणि तिथे वेगळंच गणित पाहिलं. रंग आणि औषधांची इंटरमीडिएट्स बनवणारे एमआयडीसीच्या फेज एक आणि दोनमधले हे कारखाने बॅचवर चालतात. एका बॅचला अमुक कच्चा माल टाकला की तमुक किलो माल निघायला हवा. तो शंभरातला ८२ वरून ८५ वर नेला तर वाढलेले तीन किलो त्याच महिन्यात पिंपात दिसतात आणि विकले जातात. अकाउंट्सला चष्मा वर करायची गरज पडत नाही. वापरलेलं टोल्युइन किंवा मिथेनॉल उकळून परत मिळवलं तर खरेदीचं बिल उतरतं. सांडपाण्यातला सीओडी, म्हणजे रसायनांचा भार, कमी झाला तर प्रक्रियेचा खर्च उतरतो. त्यामुळे बीएस्सी झालेल्या केमिस्टचा सुरुवातीचा पगार इंजिनिअरिंगवाल्याहून कमी असला, तरी ज्याने एकदा यिल्ड, म्हणजे बॅचचा उतारा, वाढवून दाखवलं त्याला शेठ केबिनमध्ये बोलावून वाढ देतो. प्रेमाने नव्हे. हा माणूस शेजारच्या गाळ्यात गेला तर आपली कृती डोक्यात घेऊन जाईल, ही भीती असते. भीतीने दिलेली वाढ ही मी पाहिलेली सर्वांत खात्रीची पगारवाढ!

या गणिताची दुसरी बाजूही आहे. बॅचचा वेळ कमी करायचा म्हणजे कधी तापमान वाढवणं, कधी भर जलद टाकणं. पत्र्याच्या कारखान्यात चूक झाली तर माल भंगारात जातो; रिॲक्टरजवळ चूक झाली तर माणसं जातात. २६ मे २०१६ चा प्रोबेस कारखान्यातला स्फोट आणि २३ मे २०२४ चा अमुदान कारखान्यातला स्फोट डोंबिवलीकरांनी घरातल्या खिडक्यांच्या काचांवर अनुभवला आहे. म्हणून मी जातो तिथल्या तरुण केमिस्टना सांगतो, वेळ वाचवणाऱ्या प्रत्येक बदलावर सुरक्षेच्या माणसाची सही घ्या. वाढीसाठी घाई करू नका.

भिवंडीला आता आमच्या कामाला नवा बाजार आला आहे. एकेकाळी भिवंडी म्हणजे यंत्रमाग, आणि तिथे मोजणीवाल्याची गरजच नव्हती, कारण विणकराचा पगार कापडाच्या मीटरवर ठरे. माग बंद तर पैसे बंद. आता नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गोदामं पसरली आहेत. एका माणसाने तासाला किती वस्तू रॅकवरून काढल्या, किती पावलं चालला, हे हातातला स्कॅनरच लिहून ठेवतो. स्टॉपवॉचची गरज संपली. गरज आहे ती त्या नोंदींतून अर्थ काढणाऱ्याची. ज्याला एक्सेलच्या पुढे जाऊन डेटाबेसमधून स्वतः माहिती काढता येते, त्याचा पगार नुसत्या मोजणीवाल्याच्या दीडपट मी पाहिला आहे. सिक्स सिग्माच्या ग्रीन बेल्टचं प्रमाणपत्र मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं, पुढे नेत नाही. हे माझं मत आहे, आणि प्रमाणपत्र विकणाऱ्यांना ते आवडणार नाही.

पण गोदामातली ही मुलं बहुतेक मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या रोलवर असतात. म्हणून तो लेटरहेडचा प्रश्न. कंपनीच्या रोलवरचा, ठेकेदाराच्या रोलवरचा, आणि शिकाऊ उमेदवार असे तीन जण एकाच टेबलावर एकच तक्ता भरत बसलेले असतात. शिकाऊ उमेदवार १९६१ च्या कायद्याप्रमाणे कामगार धरलाच जात नाही. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमावाल्याचं किमान विद्यावेतन ८,००० रुपये ठरवलं होतं. शिकण्यासाठी वर्षभर हे ठीक. पण कंपनीचा अख्खा कायझेन विभाग दरवर्षी नव्या शिकाऊंवर चालत असेल, तर तिथे या कामाला पगारी जागाच नाही हे ओळखावं.

दुसरा प्रश्न मूळ पगाराचा. एकूण पगार पंचवीस हजार आणि मूळ दहा, अशी पत्रं मी ढिगाने पाहिली. बाकी सगळे भत्ते. ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, दर वर्षाला पंधरा दिवस या हिशेबाने निघायची. दहा हजारांवर वीस वर्षांची सुमारे १ लाख १५ हजार व्हायची, वीस हजारांवर २ लाख ३० हजार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या, त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं आहे. तरीही पत्र हाती आलं की आधी मूळ पगाराची ओळ बघायची.

आणि पगारातल्या फरकाचं शेवटचं कारण, जे कोणत्याही पगाराच्या तक्त्यात येत नाही. लोकलच्या पासवर पोहोचता येतील तेवढेच कारखाने तुमचे. मी तरुण होतो तेव्हा डोंबिवलीहून निघालं की कळवा, ठाणे, मुलुंड, भांडुप, उलट दिशेला शहाड, अंबरनाथ, बदलापूर, सगळीकडे भोंगे होते. एका साहेबाशी बिनसलं तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या गेटवर. ही सोय म्हणजेच आमची ताकद होती. मग रेयॉन बनवणारी एनआरसी बंद पडली, ठाण्यातली रेमंडची गिरणी गेली, पोखरण रोडवरची ग्लॅक्सोची जागा घरांसाठी विकली गेली, आणि शीळ रस्त्यावर जिथे प्यूजो ३०९ मोटार बनायची तिथे टॉवर उभे राहिले. काम चाकण, रांजणगावला गेलं. तिथे वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांना ऑडिटसाठी आमच्यासारखी माणसं लागतातच. पण डोंबिवलीत घर, आईचं औषधपाणी, बायकोची शाळेतली नोकरी. मी गेलो नाही. माझ्याबरोबरचे दोघे गेले, आणि आज माझ्याहून बरेच पुढे आहेत. जो जागा सोडू शकत नाही त्याला कमी पगारात राहावं लागतं, हे एचआरला आपल्या पत्त्यावरूनच कळतं.

मुलांना मी एवढंच करायला सांगतो. एक साधी वही ठेवा. प्रत्येक सुधारणा तारखेसकट लिहा : आधी किती, नंतर किती, पैसे कुठे वाचले. आणि त्या पानावर तुमच्या साहेबाची नव्हे, अकाउंट्सच्या माणसाची सही घ्या. पहिल्यांदा तो नाही म्हणेल, चष्मा वर करून प्रश्न विचारेल. त्याच्या प्रश्नाला उतरेल असा आकडा घेऊन पुन्हा जा. एप्रिलमध्ये पगारवाढीच्या बोलणीला बसाल तेव्हा प्रमाणपत्रांची फाइल घरी ठेवा आणि ती वही घेऊन जा.